तबू आणि हुसेनबीच्या मध्ये

खट्.

टीव्ही बंद झालेला असतो. माझ्या लेकीने, तबूने, एव्हाना मांडी घातलेली असते. आई चष्मा काढून डबीत ठेवतात आणि डबीचं झाकण असं मिटतं. त्या आवाजासरशी आमच्या घरातले सगळे डोळे मिटतात. लग्न होऊन आले तेव्हा मी कुमारला विचारलं होतं, चष्मा घालून प्रार्थना केली तर चालत नाही का? तो म्हणाला, "मी लहानपणी विचारलं होतं. मार खाल्ला. तू विचारून बघ, आई तुला कदाचित सांगेल."

मी काही विचारलं नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाबाई. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या. चर्चच्या निम्म्या मंडळीची पोरं त्यांच्या हातावर झालेली, त्यामुळे चर्चमध्ये कुणी तरुण फार शहाणपणा करायला लागला की त्या सगळ्यांदेखत म्हणतात, "तुला उलटा धरून पाठीत चापट मारलीया मी, तवा तोंडातनं आवाज निघाला तुझ्या. आता लई निघतोय."

संध्याकाळची प्रार्थना त्याच करतात. त्यांच्या प्रार्थनेत मोठे शब्द नसतात. नावं असतात. एकामागोमाग एक, वर्षानुवर्षं त्याच क्रमाने, प्रत्येकाच्या नावामागे त्याचं जे काय दुखतंखुपतं ते. आधी टेंभुर्णीची नणंद आणि तिच्या नवऱ्याचा ट्रक. मग कुमार आणि त्याचे पाय, कारण तो नवी पेठेत शाळेच्या गणवेशांच्या दुकानात दिवसभर उभा असतो. मग मी. मग तबू. तबूनंतर समोरच्या माडीवरच्या हुसेनबी आणि त्यांचे गुडघे. मग अक्कम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गॅसवाल्या ज्ञानबाची पाठ, शेवटी चर्चचे पाळकसाहेब.

हुसेनबींना हे ठाऊक आहे. सकाळी दारात भेटल्या की विचारतात, "सोनाबाई, कल मेरा नाम लिये क्या नै? रातभर दुख्या गुडघा."

"घेतलं की. जिना चढायचं थांबवा म्हणून बी सांगितलंय देवाला. तुमी ऐकंना तर देव काय करंल?"

"हौ, अल्लाह भी तुमाराच सुनता, मेराच नै सुनता," असं म्हणत त्या परत जिना चढायला लागतात.

या ओळीचा एक नियम आहे. जिवंत माणसांचीच नावं. सासरे गेले तेव्हा मी या घरात दोन वर्षांची सून होते. दुपारी माती देऊन आलो, संध्याकाळी झाकण वाजलं, आणि आई नेहमीसारखी नावं घेत गेल्या. इतकी वर्षं ज्या नावाने ओळ सुरू व्हायची, ते नाव त्यात नव्हतंच. मी डोळे उघडून बघितलं. त्यांचे मिटलेले होते, गाल कोरडे होते. पुढे कुमारने समजावलं, "आपल्यात गेलेल्यासाठी मागत नाहीत. तो प्रभूजवळ पोचला, आता त्याच्यासाठी काय मागायचं?" मीही याच मंडळीत वाढले, मलाही हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं, आणि आपल्याच घरात एक नाव एका दिवसात नाहीसं होताना ऐकणं वेगळं.

दीड वर्षापूर्वी मला दिवस राहिले. तिसरा महिना लागला तशी आईंनी ओळीत एक जागा केली. तबू आणि हुसेनबीच्या मध्ये. "आन् सलोमीच्या पोटातलं बाळ, त्याला हातपाय धड दे, त्याची वाढ नीट कर." रोज. नळाला पाणी यायचा दिवस असो, लाइट गेलेली असो. तबू तेव्हा चार वर्षांची होती. ती माझ्या पोटाला कान लावून बाळाला सांगायची, "बाळा, आज पण तुझं नाव घेतलं हं."

आठव्या महिन्यात, जूनच्या चौदा तारखेला, पोटातली हालचाल थांबली.

त्याबद्दल फार लिहिता येत नाही. डॉक्टरांनी सगळं केलं. मुलगी होती, एवढं मला सांगितलं. आई लेबर रूममध्ये होत्या. ओळखीच्या सिस्टरने त्यांना येऊ दिलं होतं. मी मान वळवली, तर आई माझ्या आणि त्या टेबलाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. म्हणाल्या, "नगो बघू." मी बघितलं नाही. कुमार आणि पाळकसाहेब तिला घेऊन गेले. तबूला सांगितलं, बाळ येशूकडे गेलं.

मी घरी आले त्या संध्याकाळी झाकण वाजलं. नणंद, कुमार, मी, तबू. आणि मग हुसेनबी. मध्ये श्वास घेण्याइतकीसुद्धा जागा नव्हती.

मला आईंचा राग नव्हता. नियम मला माहीत होता. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला सोडेना. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आलेय, देव एकेकावर प्रीती करतो. सगळ्यांवर मिळून नव्हे. एकेकावर, जणू तो एकच आहे. रविवारच्या शाळेत नव्याण्णव सोडून हरवलेल्या एका मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट मी स्वतः मुलांना शिकवते, कापसाची मेंढरं चिकटवून. पण एकेक म्हणजे कोण कोण? जिने एकदाही श्वास घेतला नाही, जिला नाव नाही, जिचं तोंड तिच्या आईनेसुद्धा बघितलं नाही, ती त्या एकेकात धरायची की नाही? पाळकसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी चांगलंच काहीतरी सांगितलं असतं. मला तसं उत्तर नको होतं. मला एवढंच हवं होतं की या घरात कुणीतरी एकदा तिच्याबद्दल बोलावं. ती झाली होती, असं तरी म्हणावं. कुमार बोलत नव्हता. आई बोलत नव्हत्या. मीही नव्हते. तबूला शाळेत सोडून आल्यावरचा अर्धा तास माझा असतो. तेवढ्या वेळात देवाशी बोलायला बसायचे आणि एकच वाक्य निघायचं, प्रभू, तुला ती माहीत आहे ना? मग कुकर लावायचे.

यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत नेहमीप्रमाणे घरोघर प्रार्थनासभा सुरू झाल्या. आमच्याकडची पाळी मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी पाचला. ऊन कलतं होतं तरी पत्रा तापलेला. सतरंज्या अंथरल्या, शेजारून दोन टेबलफॅन आणले. आईंनी सकाळपासून शेंगापोळ्या लाटल्या होत्या. मला हात लावू दिला नाही. "तुझी पोळी फुटतीया, कूट भाईर येतंय. तू चहा बघ."

पंधरावीस माणसं जमली. अक्कम्मा डोळ्याला काळा चष्मा लावून पहिल्या ओळीत. ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. हुसेनबी दारातल्या खुर्चीत. त्या दरवर्षी येतात, "गाणं अच्छा रहता" म्हणतात, आणि शेंगापोळीही अच्छी रहती असते, ते म्हणत नाहीत. दोन गीतं झाली. पाळकसाहेब थोडं बोलले. मग शेवटच्या प्रार्थनेआधी त्यांची नजर तबूवर गेली. ती आज्जीच्या मांडीला टेकून बसली होती.

"आज आमची ही छोटी बहीण प्रार्थना करील. करशील ना?"

मला वाटलं, शाळेतली चार ओळींची करेल. तबू उठून उभी राहिली. आज्जीची चष्म्याची डबी तिने जमिनीवरून उचलली, उघडली आणि मिटली. खट्. लोक हसले. मग तिने हुबेहूब आज्जीसारखा घसा खाकरला.

"हे प्रभू, टेंभुर्णीच्या उषाला सांभाळ, तिच्या नवऱ्याच्या ट्रकाला सांभाळ. कुमारच्या पायाला आराम दे." इथे कुमारने हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. बापाला नावाने म्हटलं होतं ना. "सलोमीला ताकद दे. तबूला बुद्धी दे, तिनं खोटं बोलू नये. आन् सलोमीच्या पोटातलं बाळ, त्याला हातपाय धड दे, त्याची वाढ नीट कर. हुसेनबीच्या गुडघ्याला..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात कपांचा ट्रे.

आमेन झालं आणि सगळ्यांचे डोळे एकदम उघडले ते माझ्याकडेच. अक्कम्मा सगळ्यांत आधी उठली. काळा चष्मा कपाळावर सारून, चाचपडत माझ्याजवळ आली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

"अगं बाई! कितवा हाय? आन् आमाला लेकराच्या तोंडनं कळवतीस व्हय गं?"

"मुबारक हो बेटा," दारातून हुसेनबी म्हणाल्या. "मैं तो कबका बोलनेवाली थी, चेहऱ्यापर नूर आया कर के."

कुणी टाळी वाजवली. पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर करून "प्रभूची स्तुती असो" म्हटलं. मागून कुणी बाई म्हणाली, "मागच्या वर्षीचं दुःख देवानं भरून काढलं बघा." मी नाही म्हणून मान हलवली, ती कुणी बघितली नाही. कुमार उठून आला, माझ्या हातातून ट्रे घेतला आणि तो कुठे ठेवायचा हे न कळून तसाच उभा राहिला.

"न्हाय," आई म्हणाल्या. "तसं काय न्हाय. बसा समदी."

सगळे बसले. अक्कम्माने हात काढला नाही. माझ्याजवळच उभी राहिली.

आईंनी तबूला समोर ओढलं. "हे कुटनं काढलंस गं तू? कुणी शिकवलं?"

"तूच म्हणायचीस." तबूला आपलं काय चुकलं ते कळेना. "आता तू रोज विसरतेस. म्हणून मी म्हटलं."

"अगं, बाळ आता पोटात कुटं हाय?"

"माहितेय. येशूकडे आहे. पण त्याचं नावच ते आहे ना, सलोमीच्या पोटातलं बाळ?"

पाळकसाहेब सज्जन माणूस आहेत. त्यांना वाटलं आता लवकर आटोपावं. ते आशीर्वादासाठी उभे राहू लागले, तर आईंनी हात वर केला. तबूच्या हातातली डबी घेतली. चष्मा त्यांनी डोळ्यांवरच ठेवला.

"थांबा पाळकसाहेब. माझी प्रार्थना राहिलीया."

"करा ना, सोनाबाई."

"मागणं करत न्हाय मी. मला नियम ठावं हाय. आभार मानायचेत. गेलेल्या माणसाबद्दल आभार मानलं तर चालतंय न्हवं?"

पाळकसाहेब पुन्हा खाली बसले. म्हणाले, "आभाराला कोण अडवणार?"

आणि आईंनी उघड्या डोळ्यांनी, समोरच्या भिंतीकडे बघत प्रार्थना केली. मी ती जमेल तशी इथे उतरवतेय. शब्द इकडचे तिकडे झाले असतील.

"प्रभू, माझ्या धाकट्या नातीबद्दल तुझं आभार. सोळा जूनला, सकाळी सव्वानऊला झाली. रडली न्हाय. मी पाठीत चापट बी मारून बघितली, तुला ठावं हाय. दोन किलोला जरा कमी भरली. केस लई हुतं, काळंभोर, मानंपतूर. कानाची पाळी कुमारसारखी, चिकटलेली. डाव्या हाताची मूठ मिटलेली हुती, ती मी उघडून बघितली, नखं वाढलेली हुती पोटातच. कोमट पान्यानं पुसली तिला. टॉवेल नवा घेतला, पेटीतला. मी हजार लेकरं पुसली असतील प्रभू, पर एवढा येळ कुनाला लावला न्हवता. तू तिला आत बसून घडवत हुतास, केस न् केस, तवा आमाला कुनाला दिसत न्हवती. तुला दिसत हुती. तू बघितलीस, मग मी बघितली. माझ्या सुनंनं न्हाय बघितली. मी आडवी हुबी राहिले. तेवढी माझी चूक माफ कर. लेकरू दिलंस, आभार. आमेन."

हुसेनबींनी दारातून खणखणीत "आमीन" म्हटलं.

मग शेंगापोळ्या झाल्या, चहा झाला. लोक नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले आणि नेहमीपेक्षा कमी बोलले. जाताना अक्कम्माने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, अगदी जवळ आणून बघितलं. "आता दिसतंय बघ मला," म्हणाली. "लई वाळलीस गं. खात जा."

कुमार सतरंज्या झटकायला बाहेर गेला. बराच वेळ झटकत होता. तबू उरलेली पोळी खातखात हुसेनबींच्या घरी गेली. स्वयंपाकघरात आई आणि मी. त्या कप विसळत होत्या, मी पुसत होते.

"केस खरंच मानेपर्यंत होते?" मी विचारलं.

"व्हय की. हितपतूर." त्यांनी ओल्या बोटाने माझ्या मानेवर खूण केली. पाणी थंड होतं. "तबूला टक्कल हुतं बघ झाली तवा. हिला केस."

"मला का नाही सांगितलं आई? नऊ महिने झाले."

"तू इचारलं न्हाईस."

"मला वाटलं तुम्ही विसरलात. त्याच दिवशी, एका दिवसात. तबूनंतर लगेच हुसेनबी."

त्यांनी कप तसाच नळाखाली धरून ठेवला. "येडी हायस का? मी इसरंन? रोज जिभंवर येतंय आन् रोज गिळते. वाटायचं, हिच्या कानावर पडलं तर पुन्हा उकलंल सगळं. वार्डात असंच करायचो आमी. आईला दाखवायचं न्हाय, नाव काढायचं न्हाय, म्हणजे बाई लवकर उठतीया. तीस वर्षं तेच केलं." त्यांनी नळ बंद केला. "किती बायांच्या मधी आडवी हुबी राहिले असंन मी, सलोमे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या पदराला शेंगांच्या कुटाचा आणि वेलदोड्याचा वास होता. त्यांनी ओले हात माझ्या पाठीवर पुसले आणि लगेच म्हणाल्या, "चहाचं पातेलं जळकं ठेवलंस बघ. घास ते."

त्या संध्याकाळी घरची प्रार्थना परत झाली. नणंद, कुमार, मी, तबू. मग आई थांबल्या आणि म्हणाल्या, "आन् धाकटीबद्दल आभार." एवढंच. मग हुसेनबी. कुमारचा हात हलकेच माझ्या हाताला लागला आणि तिथेच राहिला.

माझं मन शांत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण एक झालं. आतापर्यंत देवाजवळ बसले की मला फक्त एक पाठ दिसायची, आईंची, आणि तिच्यापलीकडे काही नाही. आता पलीकडे केस दिसतात. मिटलेली मूठ दिसते. तिची वाढलेली नखं कुणीतरी घडवली होती आणि कुणीतरी बघितली होती. हे ज्याने केलं त्याला ती माहीत आहे ना, असं मी आता विचारत नाही. त्या मुठीबद्दलच बोलत बसते त्याच्याशी. कधीकधी अर्धा तास पुरत नाही, कुकर उशिरा लागतो, आई बाहेरून विचारतात, "डाळ शिजवतीस का घडवतीस?"

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, शाळेच्या घाईत मी तबूचे केस विंचरत होते. पाणी आलं होतं, आई बाहेर बादल्या लावत होत्या. तबू पाटावर बसून पाय हलवत होती, त्यामुळे भांग सारखा वाकडा होत होता.

"हलू नको ना गं."

"बाळाचे केस माझ्यापेक्षा जास्त होते?"

"आज्जी म्हणाली ना, लई होते."

"मग तिला वेण्या घालता आल्या असत्या."

"आल्या असत्या. दोन."

मी एका बाजूची वेणी घालून रिबीन बांधली, दुसऱ्या बाजूचे केस हातात घेतले.

"आई, देवाला सगळ्यांची नावं येतात?"

"येतात. एकेकाचं."

"माझं पण?"

"तुझं तर येतंच. रोज आज्जी घेते की."

"मग त्याने तिला सांगितलं असेल का, की मी तिची ताई आहे?"